सायकल स्टँडकडची फेरी

“काळ्या पट्टीवाल्यांनी आता उठायला हरकत नाही. हात धुवा, चहा घ्या आणि घरी जा.”

हा आवाज भोंगासाहेबांचा. फार वर्षं झाली त्याला. ते तेव्हा आमच्या इस्पितळाचे मुख्य होते. नाव चांगलं भारदस्त होतं, पण एकदा कर्णा हातात आला की त्यांना तो खाली ठेववत नसे, म्हणून भोंगासाहेब. वर्षातून एकदा रंगीत तालीम व्हायची. स्फोट झाला, लढाई पेटली, एकदम शंभर माणसं दारात आली तर काय करायचं, त्याची. पुढच्या अंगणात चुन्याच्या रेघा मारायच्या, धोबीखान्यातल्या, स्वयंपाकघरातल्या आमच्याच मामा-मावश्यांना जखमी करून आडवं पाडायचं, आणि मी गळ्यात पट्ट्यांचा गठ्ठा अडकवून त्यांच्यामधून फिरायचं. एकेकाला तीस सेकंद. आत्ता हात लावला तर वाचेल, त्याला लाल. थोडा थांबू शकेल, त्याला पिवळी. चालतोय-बोलतोय, त्याला हिरवी. श्वास नाही, त्याला काळी, आणि त्याची रवानगी मागच्या सायकल स्टँडमध्ये. पोरींनी त्याचं गाणंच करून टाकलं होतं: लाल आत गं, पिवळी वाटेत, हिरवी बाकावर, काळी मागल्या दारी. ते गुणगुणत त्या चुन्याच्या रेघा अशा ओलांडायच्या, जशा लहानपणी ठिकरी खेळताना ओलांडल्या असतील. आणि तालमीच्या सकाळी माझ्याभोवती गराडा. “सिस्टर, मला मारा ना, घरी पाहुणे यायचेत.” “तिला गेल्या वर्षी मारलंत, यंदा माझी पाळी.” कारण लाल पट्टी मिळालेल्याचे दोन तास हाल, स्ट्रेचरवरून इकडून तिकडे, खोटं सलाईन, खोटं प्लास्टर. काळी मिळाली की सुटका. पाच मिनिटांत कर्ण्यातून तो आवाज यायचा, मेलेले उठायचे, कपडे झटकायचे, आपापली सायकल काढून निघून जायचे. आराखड्याच्या बाविसाव्या पानावर लिहिलेलं होतं: काळ्या विभागाची दर पंधरा मिनिटांनी फेरतपासणी, जबाबदारी, मुख्य परिचारिका. म्हणजे मी. घाईगर्दीत श्वास नजरेतून निसटतो, म्हणून पुन्हा जाऊन बघायचं, आणि पुन्हा, आणि पुन्हा. पहिल्या वर्षी मी गेलेही होते. रिकामा पत्र्याचा मांडव, तेलाचे डाग, एक कुत्रं अंग पसरून झोपलेलं. कोणाचा श्वास बघू? दुसऱ्या वर्षी गेले नाही. अशी अकरा वर्षं आम्ही तयार होत होतो.

तो आवाज आज भरदुपारी कानात उठला, त्याला कारण झाला एक कागद. जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या टेबलावर कोणीतरी तो ठेवून गेलं होतं, वर पेपरवेट म्हणून इंजेक्शनच्या बाटल्यांचं खोकं. नव्या आराखड्याचं शेवटचं पान. ‘दिनांक अमुक रोजीच्या तोफमाऱ्यात एकशे चौदा जखमींची वर्गवारी सदर पद्धतीने यशस्वीरीत्या करण्यात आली. काळ्या विभागाची दर पंधरा मिनिटांनी फेरतपासणी झाली.’ खाली तीन सह्यांच्या जागा, त्यांतली मधली माझी, पेन्सिलीने फुली मारून दाखवलेली. सही करायची तर फुलीवरच करायची, दुसरीकडे नाही. मी वाक्य पुन्हा वाचलं. झाली. करण्यात आली असंही नाही. आपली झाली, जशी सकाळ होते तशी. खिडकीबाहेर पाण्याचा टँकर मागेमागे येत टूं टूं वाजत होता आणि माझ्या तळहातांना तो घाम सुटला, जो गेल्या आठ महिन्यांत कधीही सुटतो: रांगेत उभी असताना, केस विंचरताना, कोणी ‘तुम्ही होतात म्हणून’ असं म्हणताना. आणि ते सारखं म्हणतात. आमच्या इस्पितळाचा गौरव झालाय. सीमेलगतच्या चाळीस इस्पितळांनी आमच्यासारखं करायचंय. पलीकडून पुन्हा तोफा हलल्याच्या बातम्या आहेत, दोन आठवडे म्हणतात, कोणी तीन म्हणतात; त्याआधी हा आराखडा चाळीस ठिकाणी पोचायला हवा. चार वाजता बैठक. माझी सही झाली की छापखान्यात.

त्या दिवसाचं मी कोणाला काय सांगितलं, ते मला पाठ आहे. सकाळी अकराच्या सुमारास बसस्थानकावर तोफगोळे पडले. पहिली गाडी अकरा वीसला आली, भाजीचा टेम्पो होता, त्यात माणसं. मग थांबलंच नाही. मी फाटकाशी उभी, गळ्यात पट्ट्या, श्वास घ्यायला फुरसत नव्हती. हे ‘श्वास घ्यायला फुरसत नव्हती’ मी इतक्यांदा म्हटलंय की आता ते शब्द माझ्या तोंडात दातांसारखे बसलेत. खरं होतं ते. बहुतेक खरं. माणसं सगळी एका रंगाची होती, बसस्थानकाची नवी इमारत पडली होती ना, सिमेंटची भुकटी. भुवया पांढऱ्या, ओठ पांढरे, मुलं म्हाताऱ्यांसारखी दिसत होती. एकेकाला तीस सेकंद. मान मागे, हनुवटी वर, छातीकडे नजर, गालाजवळ आपला गाल. एक पुरुष आला, जाड कोट घातलेला, सकाळची थंडी होती. मान मागे केली, हनुवटी वर. कोटाखाली छाती हलते की नाही दिसेना. गाल नेला जवळ, तर मागे एक बाई ओरडत होती, टेम्पोचं इंजिन चालू होतं, माझ्या गालाला काही लागलं नाही. लागलं असेल तर मला कळलं नाही. काळी पट्टी बांधली. मनगटावर, दोन गाठी. मामांनी त्याला मागे नेलं. मी पुढच्याकडे वळले. पुढची एक मुलगी होती, ती वाचली. गेल्या महिन्यात पेढे... नाही, पेढे नाही, एक चिठ्ठी देऊन गेली, वाकड्या अक्षरात. मी ती ड्रॉवरमध्ये उलटी ठेवलीय.

दोन वाजता मी सायकल स्टँडकडे गेले. श्वास बघायला नव्हे; नावं लिहून घ्यायला. हातात वही होती, पेन होतं. माणसं ओळीने ठेवली होती, मामांचं काम नेटकं असतं, पाय एका रेषेत. त्या ओळीत एक जागा मोकळी होती. दात पडल्यासारखी. मी आधी मोजणीत चुकले असंच समजले. मग शेवटाला, जिथं सायकली धुवायचा नळ आहे, तिथं भिंतीला टेकून कोणी बसलेलं दिसलं. कोट अंगाखाली. नळ थेंबथेंब चालू. त्याने तोंड धुतलं होतं. एकट्या त्याचाच चेहरा तेवढा माणसाच्या रंगाचा होता, आणि म्हणून मी त्याला ओळखलं. माझ्या पाठचा भाऊ. सकाळी फोनवर मला म्हणाला होता, ताई, तुझ्या चष्म्याची काडी बसवून आणतो, बसस्थानकाकडेच निघालोय. मनगटावरची पट्टी त्याने सोडली नव्हती. एक गाठ सुटली होती, दुसरी राहिली होती. मी गळ्याला हात लावला. काही नव्हतं. पण अंग गरम होतं. ऊन नव्हतं तिथं, तरी गरम होतं. मी अठ्ठावीस वर्षं या कामात आहे, माणूस निवायला किती वेळ लागतो ते माझ्या बोटांना कळतं. मग मी जे केलं ते अजून माझं मलाही नीट दिसत नाही, जसं काचेवर वाफ धरल्यावर पलीकडचं दिसत नाही. मी त्याला बखोट्याला धरून ओढत आणलं, त्या मोकळ्या जागेत सरळ निजवलं, पाय बाकीच्यांच्या रेषेत आणले, आणि सुटलेली गाठ पुन्हा बांधली. नळ बंद केला. वहीत नाव लिहिलं. अक्षर सुरेख आलंय.

भावजयीला मी संध्याकाळी सांगितलं. ती दाराशीच उभी होती, हातात मोजपट्टी, शिवणकाम करता करता धावत आलेली. काय तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, जागच्या जागी गेला गं. त्याला कळलंसुद्धा नाही. तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग त्या दोन वाक्यांवर बसकण मारली. जसं पुरात सापडलेलं माणूस फळीवर बसतं. आठ महिने ती त्यावरच आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, “जागच्या जागी गेले. वन्सं स्वतः तिथं होत्या ना. त्रास म्हणून झाला नाही.” वन्सं स्वतः तिथं होत्या. शेजारीण उसासा टाकून म्हणते, तेवढं तरी बरं. मी भाजी चिरत असते. तिला एकटं कसं ठेवायचं म्हणून मी तिला माझ्याकडे आणलं, सगळे म्हणाले, नणंद असावी तर अशी. मी भोंगासाहेबांनंतर आलेल्या साहेबांना गळ घालून तिला इस्पितळाच्या शिवणखोलीत लावलं. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे अंगरखे. ती सकाळी माझा डबा भरते, माझ्या कपड्यांची बटणं मी न सांगता लावते. रात्री पाय दुखतात म्हणाले तर तेल घेऊन बसते. “दिवसभर उभ्या असता हो तुम्ही,” म्हणते. तिच्या बोटांना शिवणाऱ्यांच्या बोटांना असतो तसा खरखरीतपणा आहे. ती बोटं माझ्या पोटऱ्यांवरून फिरतात आणि मी भिंतीकडे तोंड करून पडते. कधी कधी मला तिचा राग येतो. इतकी सरळ का आहे ही? एकदा तरी उलटून विचारावं, किती वाजता गेले, कुठं होते, कसे होते? नाही विचारत. मी सांगितलेलं पुरवून पुरवून वापरते.

मी तो कागद घेऊन वर गेले. आराखडेवाला वरच्या खोलीत बसतो; राजधानीतून आलेला, हुशार, पस्तिशीचा, सतत पाणी पिणारा माणूस. वाईट नाही. आमच्याकडच्या मावश्यांनाही अहो-जाहो करतो. साहेबही तिथंच होते, कानात काडी घालून.

“या सिस्टर,” साहेब म्हणाले. “सही झाली? तुमच्याशिवाय गाडी अडलीय.”

“एक कलम घालायचंय,” मी म्हटलं. “काळ्या विभागात एक माणूस कायम बसवायचा. त्याने दुसरं काही करायचं नाही. फक्त बघायचं.”

आराखडेवाल्याने पेन उघडलं, मग बंद केलं. “फेरतपासणी आहेच की. बाविसाव्या पानावर.”

“ती मुख्य परिचारिकेकडे आहे. तिला फाटकावरून हलता येत नाही.”

“तुम्ही केलीतच ना पण.” त्याने हे इतक्या आदराने म्हटलं की मला त्याच्या पाण्याच्या बाटलीकडे बघावं लागलं.

साहेब हसले. “सिस्टर, जिवंतांना माणसं पुरत नाहीत. मेलेल्यांपाशी माणूस बसवून तो करणार काय, गप्पा?”

“ते बरोबर आहे,” आराखडेवाला म्हणाला, “पण काही कारण असेल तर मी लिहीन. चाळीस ठिकाणी एकेक माणूस वाढवायचा म्हणजे वर विचारणार, कशाच्या आधारावर? काही अडचण आली होती का त्या दिवशी? तसं असेल तर सांगा. एक ओळ पुरे.”

एक ओळ. पंख्याची पाती खोलीभर सावल्या फिरवत होती. त्याने खरोखरच पेन पुन्हा उघडलं होतं, टोक कागदावर टेकवलं होतं, निळा ठिपका मोठा होत चालला होता. माझ्या डोळ्यांपुढे चाळीस सायकल स्टँड आले. एकासारखे एक, पत्र्याचे, तेलाच्या डागांचे. चाळीस ठिकाणी चाळीस तालमी होतील, मामा-मावश्या हट्ट धरतील, मला मारा, मला मारा. कोणीतरी कर्ण्यातून त्यांना घरी पाठवील. आणि चाळीस सिस्टरांच्या पायांना ती वाट कधी माहीतच होणार नाही. पायांचं असं असतं, जिथं त्यांना नेलेलं नाही तिथं ते ऐनवेळी जात नाहीत. कागदावर लिहिलं म्हणून जात नाहीत. हे मला सांगता आलं असतं. पण त्या ओळीला नाव लागतं, आणि ते नाव या इमारतीत चार भिंतींमागे शिवणयंत्र चालवत बसलेल्या बाईच्या आधी या दोघांना कळणार, मग कारकुनाला, मग छापखान्याला, मग मावश्यांना, आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी भलताच तिला जाऊन सांगणार, तेही हळहळत.

“अर्धा तास द्या,” मी म्हटलं.

“चारला बसतोय आपण,” साहेब म्हणाले. “आणि सिस्टर, उगीच जीव जाळून घेऊ नका हो. तुमचा भाऊ त्यात होता, आम्हाला काय कळत नाही? म्हणून तुम्हाला वाटतं तसं.”

मी जिना उतरले. जिन्याच्या वळणावर गौरवाचा फोटो लावलाय, मधोमध मी, हातात फुलं, डोळे मिटलेले. फोटोवाला म्हणाला होता, चालतंय, समाधानी दिसताय. शिवणखोली तळमजल्याला, धोबीखान्याला लागून. वाफेचा आणि ओल्या सुताचा वास. ती एकटीच होती. पुढ्यात पट्ट्यांचा ढीग; नव्या आराखड्यात पट्ट्या कापडी करायच्या ठरल्या होत्या, कागदी भिजून फाटतात म्हणून. लाल, पिवळ्या, हिरव्या बांधून झाल्या होत्या, शंभराचे गठ्ठे. आता ती काळ्या शिवत होती. यंत्र भरधाव चालू होतं, काळी चिंधी सुईखालून साप सरपटावा तशी निघत होती.

“बसा,” ती मान वर न करता म्हणाली. “एवढ्या पंचवीस झाल्या की झालं. काळ्या पन्नासच सांगितल्यात. म्हटलं बरंय, काळ्या कमी लागतात ते बरंय.” मग हसली. “यांची कड मी दुहेरी घातलीय. सुटली नाही पाहिजे ना.”

मी स्टुलावर बसले. तिच्या केसांत सुताचे बारीक तुकडे अडकले होते. मला वाटलं, आज हे तुकडे काढून टाकावेत, चहाला चल म्हणावं, वर जाऊन फुलीवर सही करावी. एवढंच तर करायचं होतं. तिची फळी तिच्याखाली राहील. आणि चाळीस ठिकाणी कोणाकोणाचे भाऊ नळापर्यंत रांगत जातील, त्यांना मी ओळखत नाही. आठ महिने मी स्वतःला सांगत होते की मी तिच्यासाठी गप्प आहे. तिच्या फळीवर मीच बसले होते, तिला कडेला ढकलून. हे मला त्या स्टुलावर कळलं, आणि कळल्यावर हलकं वाटलं नाही, किळस आली.

“यंत्र थांबव जरा.”

“एवढी ओळ संपवते.”

“थांबव गं.”

तिने पाय उचलला. यंत्र दोन टाके पुढे जाऊन थांबलं. ती माझ्याकडे बघत राहिली, त्या संध्याकाळी दारात बघितलं होतं तशी.

“मी तुला खोटं सांगितलं होतं,” मी म्हटलं. “तो जागच्या जागी गेला नाही. इथं आणला तेव्हा जिवंत होता. मला श्वास दिसला नाही, मी काळी बांधली. मागे नेऊन ठेवलं त्याला. तिथं तो शुद्धीवर आला. भिंतीपर्यंत गेला, तोंड धुतलं. बसून राहिला.”

धोबीखान्यातून बादली सरकवल्याचा आवाज आला. तिने हातातली कात्री टेबलावर ठेवली, मग उचलून जरा लांब ठेवली.

“किती वेळ?”

“तास. कदाचित दीड.”

“हाक मारली असेल.”

“असेल.”

“मग कोणी गेलं कसं नाही? मामा नव्हते? तुम्ही?”

“पंधरा मिनिटांनी जायचं असतं. ते माझं काम होतं.”

“तुम्हाला सवड नसेल हो,” ती म्हणाली. घाईघाईने म्हणाली, जणू मीच बुडत होते आणि तिला दुसरं काही सापडत नव्हतं. “एवढी माणसं. श्वास घ्यायला फुरसत नव्हती तुम्हाला, तुम्हीच सांगितलंत.”

हे माझेच शब्द. तिच्या तोंडून किती खरे वाटत होते. तिथं थांबता आलं असतं. तिने दार लावून घेतलं होतं, मला फक्त आत राहायचं होतं.

“होती,” मी म्हटलं. “साडेबाराला गाड्या यायच्या थांबल्या. वीस मिनिटं एकही आली नाही. मी बाजूच्या दाराच्या पायरीवर बसले, बूट काढले, पाय चोळत बसले. सायकल स्टँड तिथून दिसतो. मी तिकडे बघतही होते. मला जाता आलं असतं. कोणी अडवलं नव्हतं, कोणी बोलावलं नव्हतं. मी गेले नाही.”